दादाचा हात लागलेली गाडी

त्या वर्षी वारा सुटला तो महिनाभर थांबलाच नाही. माळावरून आडवा यायचा, दोरीवरचे कपडे उचलून शेजाऱ्यांच्या अंगणात टाकायचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांना बाजूने ढकलायचा. त्यामुळे धाकट्याची गाडी चालता चालता डावी-उजवी करायला लागली तेव्हा गावाने एकमुखाने वाऱ्याला दोष दिला. वाऱ्याचं एक बरं असतं, तो उलटून बोलत नाही.

धाकटा म्हणजे मिस्तरीचा भाऊ. त्याच्याकडे सव्वीस वर्षं जुनी आठ जणांची गाडी होती. तिचा मूळ रंग कोणता यावर रोज बसणाऱ्यांतही दोन मतं होती. गावातून शहराकडे सकाळी एक खेप, दुपारी एक. आजारी माणसं, पोती, कोंबड्या, सगळं जायचं. नर्सबाई तर ठरलेल्याच. त्यांना तो रोज खालच्या फाट्यावर सोडायचा आणि तिथून त्या बॅग खांद्याला लावून चार वस्त्या पायी फिरायच्या. धाकट्याची दोन्ही मुलं त्यांच्याच हातावर जन्मली होती, म्हणून पुढच्या सीटवर दुसरं कुणी बसलं तर तो गाडीच सुरू करायचा नाही.

मिस्तरीचं गॅरेज गावाच्या तोंडाशी, रस्ता वळतो तिथे. चार खांबांवर पत्रा, मधे माणूस उतरेल एवढा खड्डा, खड्ड्यावर गाडी उभी करायला दोन जाड फळ्या. मागे दोन खोल्यांचं घर. मिस्तरीचं नाव होतं ते त्याच्या बोटांसाठी. गाडीत कुठे ढिलाई आहे हे तो बघून सांगायचा नाही. खड्ड्यात उतरायचा, डोळे मिटायचा, आणि एकेका सांध्यावर बोटं ठेवत जायचा. दिव्याची बॅटरी कुणी पुढे केली तर ढकलून द्यायचा. म्हणायचा, डोळे फसतात, बोटं फसत नाहीत.

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं आणि दुसऱ्याने खाली सांधे चाचपायचे. वर बसायचं काम एकतीस वर्षं मिस्तरीच्या बायकोकडे होतं. लग्न होऊन आली तेव्हा ड्रायव्हरच्या जागेवर बसायलासुद्धा ती लाजली होती. पुढे ती चुलीवरचं तसंच ठेवून, पिठाच्या हातांनी येऊन बसायला लागली. खालून मिस्तरी 'घे' म्हणाला की उजवीकडे, 'दे' म्हणाला की डावीकडे. या दोन शब्दांवर दोघांचा निम्मा संसार झाला होता.

ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. आई-बाप नव्हते. त्याला न्हाऊ घालण्यापासून सगळं हिनेच केलं. गाडी शिकवली ती दादाने, मांडीवर बसवून.

वाऱ्याच्या तिसऱ्या आठवड्यात धाकटा दुपारची खेप टाकून सरळ गॅरेजवर आला. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ताच नसतो, आणि मग एकदम ऐकतात, असं त्याने सांगितलं. सरळ रस्त्यावरही सारखं सांभाळत बसावं लागतं, संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. वारा आहे हे खरं, पण परवा वारा जरा मंदावला होता तेव्हाही गाडी सरकलीच.

मिस्तरी म्हणाला, ठेव गाडी. उद्या सकाळी बघतो.

त्याच्या बायकोने ते ऐकलं आणि हातातलं काम थांबवून त्याच्या बोटांकडे बघितलं.

तिला गेलं वर्षभर दिसत होतं. आधी तो शर्टाची बटणं लावायला वेळ घ्यायला लागला. मग शर्ट डोक्यातूनच काढायला-घालायला लागला, म्हणजे बटणं सोडायलाच नकोत. चहाचा ग्लास धरताना तो ग्लासाकडे बघायचा. बारीक नट हातातून पडला तर पडल्याचा आवाज आल्यावर त्याला कळायचं. पावसाळ्याआधी एकदा एका ट्रॅक्टरचं काम करून तो जेवायला बसला, आणि तिला वास आला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तापलेल्या पाइपावर भाजली होती, कातडी पांढरी होऊन वर आली होती, आणि हा घास घेत होता. तिने हात धरून बघितला. त्याने हात ओढून घेतला आणि म्हणाला की कामाच्या हाताला एवढंतेवढं चालायचंच. तिने खोबरेल लावलं. त्या दोघांत त्यावर पुन्हा एक शब्द झाला नाही.

विचारायला हवं होतं, हे ती आता म्हणते. पण तीस वर्षं ज्याच्या बोटांचं कौतुक ऐकत जगला त्या माणसाला 'तुमची बोटं गेली का हो' असं कुठल्या तोंडाने विचारायचं? तिला त्याची दया आली आणि त्या दयेने तिचं तोंड बंद केलं.

सकाळी धाकट्याने गाडी फळ्यांवर चढवली. मिस्तरीने पद्धतीत काहीच सोडलं नाही, हे सांगायला हवं. चारही चाकांची हवा बघितली. मागच्या एका चाकात कमी होती, ती भरली. पुढचं चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं. बेअरिंग ठीक होतं. मग डावी-उजवी बाजू धरून हलवलं. थोडंसं काही मनगटाला लागलं. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट पाना लावून आवळून बघितले. मग चाकं खाली टेकवली आणि तो खड्ड्यात उतरला. बायको वर बसली. धाकटा बिडी न पेटवता हातात धरून खांबाशी उभा राहिला, कारण दादासमोर तो अजून ओढत नव्हता.

"घे," खालून आवाज आला.

तिने घेतलं.

"दे."

तिने दिलं.

घे, दे. घे, दे. खाली मिस्तरी डोळे मिटून बोटं फिरवत होता. स्टिअरिंगच्या दांड्याखाली जो लोखंडी डबा असतो, ज्याला ते बॉक्स म्हणतात, तिथून सुरुवात. मग त्या डब्यातून निघालेला लोखंडी दांडा, मग आडवा लांब रॉड, मग रॉडच्या दोन टोकांचे गोळ्याचे सांधे, डावा आणि उजवा. सांधा चांगला असेल तर गोळा त्याच्या वाटीत घट्ट बसलेला असतो आणि सगळं एकत्र हलतं. झिजलेला असेल तर आधी रॉड हलतो, मग सांधा. मधे केसाएवढा वेळ जातो. तो केस मिस्तरीच्या बोटांना सापडायचा.

वर ती होती. एकतीस वर्षांत तिच्याही तळव्यांना काहीबाही कळायला लागलं होतं, पण ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. तिने घेतलं की आधी पोकळ जायचं, मग एक ठोका यायचा, जवळचा. तो बॉक्सचा. आणि त्याच्यामागून आणखी एक ठोका, लांबून, डावीकडून. पुन्हा घेतलं. पुन्हा तो डावीकडचा आला.

खाली मिस्तरीचा हात त्याच डाव्या सांध्यावर होता. तिला पायाखालच्या फटीतून त्याचं मनगट दिसत होतं. वर सांध्याचं रबर फाटलं होतं आणि त्यावर ग्रीस आणि धूळ यांचा जाड थर होता. मिस्तरीने तिथे बोटं नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवली. तो थांबला. मग हात पुढे सरकवला.

"बॉक्सच आहे," तो म्हणाला. "आतून झिजलाय."

"अजून आहे," ती म्हणाली.

"काय?"

"डावीकडे. अजून काहीतरी वाजतंय."

खाली पाना उचलल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी हात लावून बघितलंय ना. तू स्टिअरिंग हलव."

धाकटा हसला. वहिनी आता मिस्तरी व्हायला निघाली असं काहीतरी म्हणाला, लाडाने म्हणाला. तीही हसली. पुढचं बोलणं जिभेवर आलेलं तिने गिळलं. धाकट्यासमोर कसं बोलणार होती ती?

मिस्तरीने बॉक्सवरचा नट सैल केला, मधला स्क्रू आवळला. एक आटा. स्टिअरिंगमधली पोकळी कमी झाली. आणखी अर्धा आटा. पोकळी गेली. नट घट्ट केला. या कामात जास्त आवळायचं नसतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्या दिवशी त्याला ती ढिलाई संपलेली हवी होती. त्याला दुसरं काही सापडलं नव्हतं, आणि सापडत नाही म्हणजे काय याचा विचार त्याला करायचा नव्हता.

धाकटा चक्कर मारून आला. खूश होता. गाडी आता हातात आहे म्हणाला. फक्त एक, वळणावरून निघताना स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायचं ते आता होत नाही, हाताने आणावं लागतं. जरा जड झालंय.

"घट्ट झालंय म्हणून जड लागतंय," मिस्तरी म्हणाला. "बसेल चार दिवसांत."

"दादा, तू म्हणतोस म्हणजे बसणारच."

चार दिवस गाडी धावली. त्या चार दिवसांत वारा आणखी चढला आणि धाकट्याच्या घरावरचे दोन पत्रे उडाले. रोज खेप झाल्यावर तो पत्रे ठोकत बसायचा, पहाटे उठून दगड ठेवायचा. डोळे तांबडे झाले होते. नर्सबाईंनी विचारलं की गाडी जरा जड वाटते का रे, तर त्याने सांगितलं, काळजी नको, दादाने हात लावलाय.

मिस्तरीची बायको रोज सकाळी गाडी जायच्या वेळी पत्र्याखाली येऊन उभी राहायची. काहीतरी निवडायला हातात घ्यायची, नुसतं उभं राहिलेलं बरं दिसत नाही म्हणून. धाकटा हॉर्न द्यायचा. तिचं लक्ष पुढच्या डाव्या चाकाकडे असायचं. तिसऱ्या दिवशी तिने हात वर केला, थांब म्हणायला. धाकट्याला वाटलं वहिनी निरोप देते आहे. त्यानेही हात केला आणि गेला.

पाचव्या दिवशी सकाळची गाडी पूल ओलांडून उतारावरच्या वळणाला लागली. तिथला रस्ता वर्षानुवर्षं उखडून पन्हाळी पत्र्यासारखा झाला होता, चाकं त्यावर थरथरत जायची. गाडी वळलीच नाही. सरळ रस्त्याखाली गेली, दगडांच्या ढिगावर एका कुशीला पडली आणि शेतात जाऊन थांबली.

मागे बसलेल्या दोघांना खरचटलं. धाकट्याच्या खांद्याचं हाड मोडलं आणि कपाळ फुटलं. नर्सबाईंचा उजवा गुडघा दरवाजा आणि दगड यांच्यामध्ये सापडला. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय वाचवला, पण गुडघा आता वाकणार नाही असं सांगितलं. काठी घेऊन घरात फिरता येईल. चार वस्त्या पायी फिरणं संपलं.

चौकीवरचा साहेब धाकट्याच्या खाटेपाशी वही घेऊन बसला. गाडीत काही बिघाड होता का, हे त्याने दोनदा विचारलं. चाक वाकडं झालं होतं, पण ते पडल्यामुळे असणार असं त्याचं म्हणणं होतं. गाडी पडली तेव्हा नर्सबाई बॅगेत काहीतरी शोधत होत्या, त्यांना एकदम उलटंपालटं झालेलंच आठवत होतं. धाकट्याला पुलापर्यंतचं आठवत होतं. डोक्याला मार लागल्यावर पुढचं पुसलं गेलं होतं, असं होत असतं, पण हे त्याला कोण सांगणार? त्याने आपल्या साध्या डोक्याने सरळ हिशेब मांडला.

"डोळे उघडले तेव्हा मी शेतात होतो," तो म्हणाला. "म्हणजे आधी मिटले असणार. माझा डोळा लागला, साहेब."

"गाडी तपासली होती?"

"चार दिवसांपूर्वी दादाने बघितली. गाडीत काही नव्हतं. दादाचा हात लागलेली गाडी आहे ती."

हे मिस्तरीने ऐकलं. तो खाटेच्या पायथ्याशी उभा होता. बायको त्याच्या शेजारी होती. साहेबाने वही मिटली तरी तो काही बोलला नाही.

गाव आपल्या परीने बोललं. कुणी म्हणालं पत्रे ठोकून दमला होता बिचारा. कुणी म्हणालं, दमला कसला, घेतली असणार. ज्याने आयुष्यात कधी थेंब तोंडाला लावला नाही त्याच्याबद्दल हे बोललं गेलं, आणि त्याने ते ऐकून घेतलं. घरी आल्यावर त्याने गाडीची किल्ली खुंटीला लावली आणि बायकोला सांगितलं की यापुढे मी कशाच्याच स्टिअरिंगवर बसणार नाही. नर्सबाईंना भेटायला दोनदा निघाला आणि दोनदा त्यांच्या फाटकातून परत आला.

गाडी ट्रॅक्टरने ओढून गॅरेजवर आणून टाकली. मिस्तरी तिच्याकडे पाठ करून काम करायचा. काम तरी कसलं, पंपाला तेल, सायकलला पंक्चर. जेवताना खाली मान. बायको रोज त्या वाकड्या चाकाकडे बघायची. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी मिस्तरी बाजारात गेला तेव्हा तिने डोक्याला फडकं बांधलं, बॅटरी घेतली आणि गाडीखाली सरपटत गेली. एकतीस वर्षांत ती पहिल्यांदाच खालून गाडी बघत होती. वाळलेल्या चिखलाच्या खपल्या तोंडावर पडल्या. आडवा रॉड डाव्या बाजूला लोंबत होता. गोळा वाटीतून निसटून बाहेर आला होता. तिने वाटीत बोट घातलं. ती गोल राहिलीच नव्हती, झिजून लांबट झाली होती, आणि आत जुनी धूळ ग्रीसमध्ये दगडासारखी बसली होती. हे पडल्यामुळे झालेलं नव्हतं. महिनोन्‌महिने झालेलं होतं. तिने पाना लावून तो सांधा सोडवला. दोन तास लागले, हाताची सालं निघाली. मधे एकदा ती तशीच उताणी पडून रडली.

मिस्तरी आला, हात धुऊन बसला. तिने ताटाऐवजी तो सांधा त्याच्यासमोर ठेवला.

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उचलला, गोळा वाटीत बसवला आणि हलवला. तो डोळ्यांना दिसेल इतका खडखडत होता.

"मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "एकदा म्हटलं आणि गप्प बसले. माझंही पाप आहे यात."

"माझा हात होता याच्यावर."

"माहीत आहे. मला दिसत होता."

"काही लागलं नाही गं," तो म्हणाला. "हात होता, पण काही लागलं नाही. वर्षभर काहीच लागत नाही." आणि मग हे इतके दिवस कोंडलेलं बाहेर आलं. गेल्या वर्षी सामान आणायला म्हणून शहरात गेला तेव्हा तो डॉक्टरकडे गेला होता. त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि बोटांना सुई टोचली. कधी टोचताय, असं त्याने विचारलं, तर ते म्हणाले, टोचून झालं. गेलेला स्पर्श परत यायचा नाही आता, फक्त बधिरपणा वाढू द्यायचा नाही, असं सांगितलं. गोळ्या त्याने हत्यारांच्या पेटीत लपवल्या होत्या. त्या दिवशी खड्ड्यात त्याने तिचा शब्द ऐकला होता. ती म्हणते तर असेल, असं त्याला वाटलंही होतं. पण मग डोळे उघडून बॅटरी मागावी लागली असती, धाकट्यासमोर.

ती त्याच्याजवळ बसली. राग होता, तोही खरा होता, आणि त्या माणसाकडे बघून छाती फुटत होती तीही खरीच.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" तिने विचारलं.

तो उठला. सांधा कापडात गुंडाळला.

दोघं धाकट्याकडे गेली, तेव्हा दारात धाकट्याची बायको भेटली. तिने आवाज खाली करून सांगितलं की भाऊजी, तुम्ही तरी समजवा, हे झोपतच नाहीत. दवाखान्यातून आल्यापासून पाठ टेकली नाही. डोळा लागला की दचकून उठतात, तोंडावर पाणी मारतात, अंगणात फेऱ्या मारतात. आणि हातात दाभण घेऊन बसतात.

आत धाकटा भिंतीला टेकून बसला होता. एक हात गळ्यात अडकवलेला. दुसऱ्या हातात गोणी शिवायची जाड दाभण. मांडीवर टोचल्याचे बारीक काळे डाग होते, विजारीवर रक्त वाळलं होतं. डोळे आत गेले होते. दादाला बघून तो उठायला लागला. मिस्तरीने खांदा दाबून त्याला बसवलं आणि समोर बसला. बायका दारात थांबल्या.

"ही कशाला?" मिस्तरीने विचारलं.

"डोळा लागू नये म्हणून," धाकटा म्हणाला. "मला सवयच लागली असेल दादा, कळत नाही आणि लागतो. डोळे मिटले की शेतात ऐकलेली नर्सबाईंची किंचाळी ऐकू येते."

मिस्तरीने कापड सोडलं आणि सांधा त्याच्या हातात दिला. धाकट्याने गोळा हलवून बघितला. तोही गाडीवाला होता, त्याला सांगायला लागलं नाही.

"हे पडल्यावर झालं असेल," तो घाईने म्हणाला. "दगडावर आपटून."

"आतली धूळ बघ. वाटी बघ कशी झिजलीय ती. जुनं आहे."

"मग तुझ्या हाताला लागलं असतं. तू बघितलं होतंस."

मिस्तरीने त्याच्या हातातून दाभण घेतली. आपला उजवा हात पुढे धरला, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि टोक पहिल्या बोटाच्या पेरात दाबलं. दाबत राहिला. वहिनी दारातून पुढे आली. रक्ताचा थेंब वर आला, ओघळला, मनगटापर्यंत गेला. मिस्तरीच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

"टोचलं का रे?" त्याने विचारलं. तोंड अजून भिंतीकडेच होतं.

धाकट्याने दाभण ओढून घेतली आणि फेकून दिली.

"वर्षभर झालं," मिस्तरी म्हणाला. "मला माहीत होतं. माहीत असून मी खड्ड्यात उतरलो. तुझी वहिनी म्हणाली होती डावीकडे आहे, मी ऐकलं नाही. उतारावर हा सांधा सुटला. तू काही केलं असतंस तरी चाक वळलं नसतं."

धाकटा सांध्याकडे बघत होता.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला.

"नव्हतास."

"मी जागा होतो."

"जागा होतास."

धाकटा रडायला लागला, लहान मूल रडतं तसा, श्वास अडकत. मिस्तरीने हात पुढे केला, आणि धाकट्याने तो झटकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झटकला. साहेबाला सांगितलं मी, तो म्हणत होता, सगळ्या गावाला सांगितलं मी. तुझं नाव मी किती वेळा घेतलं. तू तिथेच उभा होतास.

"उभा होतो," मिस्तरी म्हणाला. "साहेबाला सांगतो जाऊन. नर्सबाईंना आधी सांगतो. आत्ता इथूनच जातो."

"त्यांना काय सांगशील?"

"तुला सांगितलं तेच."

धाकट्याने क्षमा केली नाही आणि जा असंही म्हटलं नाही. दहा दिवसांची झोप त्याच्या अंगावर एकदमच आली. भिंतीवरून तो खाली घसरला, मोडक्या खांद्याला जपत एका कुशीवर वळला आणि बोलता बोलता त्याचे डोळे मिटले. त्याच्या बायकोने पुढे होऊन उशी सारली. भर दुपारी, उघड्या दारात, वारा पत्रा वाजवत असताना तो घोरायला लागला.

वहिनी दारातून म्हणाली, "चला, झोपू द्या त्याला. नर्सबाईंकडे जायचं ना?"

मिस्तरी उठायला गेला आणि थांबला. त्याची नजर खाली गेली. धाकट्याने झोपेत त्याचं बोट धरलं होतं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं, मुठीत घट्ट. तेच बोट, रक्त वाळलेलं. मिस्तरीला ते दिसलं म्हणून कळलं. नाही तर त्याला कळलंच नसतं.

तो तसाच खाली बसून राहिला.